हरिपूरच्या पेवातली चिनी दुपार

हरिपूरच्या पेवांत आता हळदीच्या जागी चिनी नावं ठेवतात, आणि त्यांची किंमत ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद पिढ्यान्‌पिढ्या इथे नदीकाठच्या मातीत राहायची आणि तिला कीड लागायची नाही. पुढे शीतगृहं आली, हळद तिकडे गेली, पेवं रिकामी पडली. त्याच सुमारास चिनी लिपीतल्या संकेतस्थळांची नावं घेऊन ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नावं यंत्रात ठेवली तर विरतात. आधी कडा जातात, मग मधल्या रेघा. त्यांना अंधार लागतो, गारवा लागतो, कोरडी माती लागते. हे सगळं हरिपुरात पडून होतं. एकानं ठेवलं, दुसऱ्यानं बघितलं, आणि बघता बघता गावात असं घर राहिलं नाही ज्याच्या मालकीचं निदान एक चिनी नाव नाही. अशा वेळी बाकीचा महाराष्ट्र ‘गुंतवणुकीचं पेव फुटलं’ असं म्हणतो. हरिपुरात तसं म्हणत नाहीत. पेव फुटणं म्हणजे काय ते त्यांनी महापुरात पाहिलेलं आहे.

नावाची किंमत करणं सोपं काम नाही, आणि ज्यांना ते सोपं वाटतं त्यांनी माझ्याकडे येऊ नये. लोक येतात आणि चहा यायच्या आत आकडा मागतात. मी त्यांना मुद्दाम बसवून ठेवतो. आधी अक्षरं बघायची. जितकी कमी तितकं नाव महाग. चार हा आकडा तिकडे अशुभ, तो कुठे लपून बसलेला नाही ना ते बघायचं. टिंबाच्या पुढची शेपूट कुठली आहे, डॉटकॉम की आणखी काही, तेही बघायचं. जुळवून केलेल्या शब्दापेक्षा रोजच्या तोंडातला शब्द कधीही चांगला, कारण तो बोटांना आपोआप सुचतो. आणि मग वर्दळ. तिकडे कोणी ते नाव टाइप केलं, की तो माणूस त्या नावावर येतो, म्हणजे पेवात येतो. इकडेतिकडे बघतो, काही मांडलेलं नाही असं दिसलं की निघून जातो. झाकणाला कान लावला तर पावलं ऐकू येतात. ती घाईची आहेत की रेंगाळणारी, यावर निम्मी किंमत ठरते.

एवढं करूनही एक गोष्ट बघायची राहतेच. नावात कोणी राहत तर नाही ना? तसं कोणी असेल तर त्याला आम्ही कूळ म्हणतो. कूळ असलेलं नाव सहसा कोणी घेत नाही, कारण त्याला उठवणं कोणाच्या बापाला जमत नाही.

चौगुल्यांच्या नावासाठी मला भूपाल चौगुल्यानं बोलावलं. भूपालचं फरशी-टाइल्सचं दुकान आहे. माणूस मनानं चांगला, पण रिकामी जागा दिसली की त्याचा जीव वरखाली होतो. त्याच्या दुकानात बाथटबातसुद्धा सिमेंटच्या पिशव्या असतात. नाव त्याचं आणि त्याची थोरली बहीण सुगंधाआक्का हिचं सामाईक. आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, निवृत्त होऊन भावाकडे राहत होती. नाव घेताना पैसे तिच्या फंडातले आणि पेव भूपालचं, असा तो व्यवहार होता.

नाव दोन अक्षरांचं होतं. चिनी बोलीत त्याचा उच्चार वूश्वेई, आणि अर्थ दुपारची झोप. आमच्या भाषेत वामकुक्षी. मी अक्षरं भूपालनं दिलेल्या कागदावर पाहिली आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. दोन अक्षरं, रोजच्या तोंडातला शब्द, कुठे अशुभ नाही, शेपूट घरंदाज. असं नाव आयुष्यात एखाद्या वेळी हाताखालून जातं.

“गिऱ्हाईक आलंय,” भूपाल म्हणाला. “गाद्यांची कंपनी हाय चीनची. त्यांची बाई सांगलीत लॉजवर उतरलीया. तुम्ही फकस्त आकडा सांगा, मोकाशीसाहेब.”

मी म्हणालो, वर्दळ ऐकल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. मग त्यानं मला चहा दिला आणि खिशातून एक नकाशा काढून दाखवला. तो नकाशा पेवाचा नव्हता, घराचा होता. वरच्या मजल्यावर एक खोली काढलेली होती, तिला उत्तरेकडे खिडकी आणि भिंतीवर एसी. ही आक्काची, तो म्हणाला. आक्काला गेल्या कित्येक वर्षांत धड झोप लागलेली नव्हती. डॉक्टर झाले, आसनं झाली, दुधात जायफळ झालं. नाव विकून आलेल्या पैशांत आक्काला झोपायला अशी खोली बांधायची, की तिथे झोप झक मारत आली पाहिजे, असा त्याचा बेत होता. नकाशा घडी घालून घालून मऊ पडला होता. त्यानं तो पुन्हा खिशात ठेवला आणि वरून दोनदा थोपटला.

वर्दळ ऐकायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. हे सांगणं जरूर आहे, कारण लोक मला विचारतात, वामकुक्षीची वर्दळ तुम्ही सकाळी कशी ऐकता? चीनची दुपार आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला येते. त्यात आमचा काही इलाज नाही.

पेवाच्या तोंडाशी लिंबाचं झाड होतं. झाडाखाली घोंगडं टाकून सुगंधाआक्का बसली होती. किडकिडीत बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कानांवर हेडफोनच्या पट्टीनं चेपलेले केस अजून तसेच. तिचा डावा गाल पिवळा दिसत होता, उजवा नव्हता. हरिपुरात पिवळं काय, हातापायाला लागलेलंच असतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

पद्धतीप्रमाणे मी दगडी झाकण थोडं सरकवलं, कोंडलेली हवा जाऊ दिली आणि कंदील दोराला बांधून आत सोडला. आत हवा वाईट असेल तर कंदील विझतो. हा विझला नाही. ज्योत नुसती खाली गेली आणि तिथेच पडून राहिली. मग मी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक लिंबाला बांधलं आणि पाय आत सोडून पेवाच्या काठावर बसलो. किंमत करणाऱ्यानं माल बघायचा नाही, फक्त ऐकायचा, असा आमचा नियम आहे. खालून हळदीचा वास येत होता. हरिपुरातल्या प्रत्येक पेवाला तो येतो.

आधी काहीच नव्हतं. मग पावलं आली. पण ती परत गेली नाहीत. पायातलं काढून ठेवल्याचा आवाज झाला, पुन्हा पावलं आली, पुन्हा पायातलं काढलं. कोणी खाकरलं. कोणी मोठी जांभई दिली, ती अर्ध्यात दुसऱ्यानं घेतली, आणि नंतर ती बहुधा माझ्यापर्यंत आली असावी, कारण मला पुढचं दिसायला लागलं.

पेव आतून फार मोठं होतं. चहूकडे माणसं झोपली होती. भाजीवाली होती, तिनं एप्रन सोडलेला नव्हता. वाहतूक पोलीस टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. शाळेतल्या बाई होत्या, त्यांच्या बोटांना खडू होता. भिंतीशी चपलाबूट ओळीनं लावलेले होते, देवळाबाहेर कधी दिसत नाहीत इतके नीट. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. उजेड होता, पण कशाचा ते कळत नव्हतं. उन्हात पडदा ओढल्यावर जसा राहतो तसा. मी त्यांच्यामधून पाय न लागू देता चालत गेलो. अगदी मधोमध, डाव्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन सुगंधाआक्का झोपली होती. बाकीचे तिच्याभोवती होते. एखाद्या घरात आधी आई निजते आणि मग बाकीचे निजतात, तसं ते होतं.

मला जाग आली तेव्हा दोरानं पोटाला वळ पडला होता. झाडाखाली घोंगड्यावर आक्का त्याच कुशीवर झोपलेली होती, गालाखाली तोच हात.

ती उठल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं, की नावात कूळ आहे आणि ते कूळ तुम्ही आहात. तिनं नाही म्हटलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, “तीस वर्षं रात्रपाळी केली मी. ह्याचा फोन त्याला जोडून द्यायचा, त्याचा ह्याला. त्यात कवा तरी माझी झोप कुणाला तरी जोडून गेली. ती परत नाही आली. हितं आले की येती. दुसरीकडं नाही येत.”

मी तिला विचारलं, हे भूपालला माहीत आहे का.

“नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही. त्यानं माझ्यासाठी खोली काढलीया. नकाशा उशाला घेऊन झोपतो तो. त्याला काय सांगू, तुझ्या खोलीत झोप येणार नाही म्हणून?”

मी म्हणालो, कूळ लपवून मी किंमत सांगू शकत नाही. माझा नियम आहे. तिनं त्यावर थोडा विचार केला. मग म्हणाली, सौद्याच्या आत मी उठून जाईन, म्हणजे तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. आणि घोंगडं झटकून, घडी करून, ती घराकडे गेली. मला फार वाईट वाटलं. नियम आपला असला की तो पाळताना वाईट वाटतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सौद्याच्या दिवसापर्यंत ती पेवाकडे फिरकली नाही. मी रोज सकाळी जाऊन ऐकत होतो. माणसं येत होती, पायातलं काढत होती, पण झोप लागत नव्हती. ती कूस बदलत, सुस्कारे टाकत, आणि पुन्हा पायात घालून जात. कंदिलाची ज्योत ताठ उभी राहायला लागली. नियमाप्रमाणे नाव आता रिकामं होतं. नियमाप्रमाणे त्याची किंमत वाढायला हवी होती. मला मात्र आकडा सांगवेना; सौद्यात ठरेल तो खरा, असं मी भूपालला सांगून टाकलं.

सौदा पेवाशीच झाला. गाद्यांच्या कंपनीच्या शेनबाई वेळेवर आल्या. साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, हातात छत्री. मराठी त्या मोबाइलमधून बोलायच्या. मोबाइल फार शुद्ध बोलायचा. आमच्याकडे हळदीचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं असोत, आकडा दोघांतच राहतो. नावांनाही आम्ही तीच रीत ठेवली आहे. मी शेनबाईंना हे समजावू लागलो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांचे आजोबा घोडे विकायचे आणि बाहीत हात घालून असाच सौदा करायचे, असं मोबाइल म्हणाला. मग त्यांनी छत्री मिटली, भूपालच्या उपरण्याखाली हात घातला आणि डोळे मिटले.

बराच वेळ उपरणं हलत होतं. भूपालचा चेहरा आधी लाल झाला, मग साधा झाला, आणि मग त्यावर एक असं हसू आलं की ते बघून मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. आक्का लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती. इतक्या दिवसांत तिनं डोळ्याला डोळा लावलेला नव्हता. भावाचं हसू बघून तीसुद्धा हसली, आणि मला वाटतं ते खोटं नव्हतं.

शेनबाईंनी हात बाहेर काढला. त्याशिवाय कंपनीतर्फे एक उत्तम गादी ताईंना भेट, असं मोबाइल म्हणाला.

मग नाव वर काढायची वेळ आली. भूपाल स्वतः आत उतरला. त्यानं मांजरपाटाची पिशवी वर दिली आणि मी तोंड सोडून नाव उन्हात धरलं. नाव दिसायला फार काही नसतं. पाटाएवढी दोन अक्षरं, पापडाइतकी पातळ, काळीभोर. ही काळीभोर नव्हती. नखशिखांत पिवळी होती.

मी पेवात वाकून पाहिलं. नावाच्या शेजारी, भिंतीला लावून, हळदीची पोती रचलेली होती.

“एवढी जागा मोकळी पडली हुती,” खालून भूपाल म्हणाला. “म्हटलं, हळद काय, नावाला खाती का काय?”

नावाबरोबर दुसरा माल ठेवू नये, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण शेनबाईंना त्याचं काही वाटलं नाही. पिवळा रंग उलट शुभ, गाद्यांना शोभेल, असं त्यांचं म्हणणं. त्या पिशवीकडे हात करणार, तेवढ्यात जमलेल्या लोकांतून सुंदराबाई उपाध्ये पुढे आल्या. सुंदराबाई म्हणजे गावातल्या लग्नकार्याच्या रीतींवरचा शेवटचा शब्द. पत्रिका छापण्याआधी लोक त्यांना विचारतात. त्यांनी नाव खालून-वरून बघितलं, बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाल्या, “ह्याला हळद लागलीया. हे आता वेस ओलांडत नसतंय.”

शेनबाईंनी विचारलं, का.

मीच सांगितलं, कारण ते बरोबर होतं आणि मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे एकदा हळद लागली, की लग्न लागेपर्यंत त्यानं गाव सोडायचं नाही. माणूस असो वा नाव. शेनबाई म्हणाल्या, धुऊन टाकू. सुंदराबाई म्हणाल्या की हळद लागल्यावर मांडव मोडणं हे फार वाईट, आणि ज्यानं मोडला त्याच्या घरी पुढे काय काय होतं ते त्या सांगायला लागल्या. मोबाइलनं त्याचं अर्धंच भाषांतर केलं. तेवढ्यानं शेनबाईंनी पिशवीवरचा हात मागे घेतला.

आता प्रश्न असा राहिला, की लग्न कोणाशी. आमची रीत अशी, की हळद आधी नवऱ्याला लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीला लागते. म्हणजे या नावाला लागून उरलेली हळद ज्याला लागली असेल, ते माणूस ठरलेलंच होतं. फक्त ते शोधायचं होतं. हरिपुरात ज्याचे त्याचे हात पिवळे. पण ते आपापल्या हळदीचे. सुंदराबाईंनी विचारलं, या पेवाच्या श्वासाशी रोज कोण बसत होतं?

आक्का बुंध्यापासून दूर झाली. दिवसचे दिवस ती पेवाच्या तोंडाशी झोपत होती, आणि झोपलेल्यांच्या श्वासाबरोबर हळदीची भुकटी वर येऊन तिच्या घोंगड्यावर आणि हातावर बसून खालच्या गालाला लागत होती. डावा गाल तिनं धुऊनही पिवळाच होता. सुंदराबाईंनी तिची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला, नावाकडे बघितलं, पुन्हा गालाकडे बघितलं.

“उष्टीच हाय,” त्या म्हणाल्या. “आमची सुगंधा शेवटी उजवली.”

भूपाल पेवातून अर्धा वर आला होता, तसाच राहिला. नाव आता नवरदेव झालं होतं, आणि त्याच्या बाजूचं म्हणायला त्या दिवशी गावात फक्त शेनबाई होत्या. त्यामुळे त्यांना कोणीतरी खुर्ची आणून दिली आणि दुसऱ्यानं गूळपाणी दिलं. त्यांनी ते घेतलं. मग बाजूला जाऊन कंपनीला फोन केला. कंपनीनं अशी शेकडो नावं घेतलेली होती, पण त्यांतल्या एकानंही आजवर लग्न केलेलं नव्हतं. तरी त्यांची हरकत नव्हती, त्यांना फक्त एक फोटो हवा होता. फोन ठेवून आल्यावर शेनबाई पदर नसताना पदर सावरल्यासारख्या बसल्या. वरमाय झाल्यावर बाई कुठलीही असो, बसणं तेच.

बैठकीला सगळं सुरळीत ठरत गेलं. मानपान ठरलं, मुहूर्त ठरला. मग शेनबाईंनी विचारलं, की लग्नानंतर वधू तिकडे कधी येणार. विचारणं रीतीला धरूनच होतं. सून सासरी जाते.

त्यावर आक्का लगेच म्हणाली, “जाईन की. हे जिकडं, तिकडं मला झोप येती.”

तेव्हा भूपालला सगळं कळलं. आक्का कुठे झोपत होती, या दिवसांत का झोपली नाही, आणि आपण काय विकायला निघालो होतो. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, म्हणून मला दिसलं, की त्याचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यानं नकाशा काढला आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर पसरला. उत्तरेकडची खिडकी, भिंतीवरचा एसी.

“ही खोली मी कुणासाठी काढली मग?” तो म्हणाला. “आक्का, तू बोललीस का नाहीस?”

“तू किती खूश हुतास, भूपाल.”

त्यानं डोळे पुसले. मग शेनबाईंकडे वळून हात जोडले आणि जे म्हणाला, ते म्हणायला चौगुल्यांच्या घरात आजवर कोणाची जीभ वळली नसती. “पावण्यांनी हितंच ऱ्हावं. आमच्याकडं घरजावई म्हणून. काय कमी पडू देणार नाही.”

घरजावई हा शब्द मोबाइलला येईना. तो एकदा घराचा दागिना म्हणाला, एकदा अडलेला पाहुणा म्हणाला. शेनबाईंनी नकाशा बघितला, भूपालचे जोडलेले हात बघितले, आणि त्यांना तो न समजता समजला. त्यांची एकच अट होती. येणाऱ्या माणसांना झोपायला पेवात गाद्या घालाव्यात, आणि त्या त्यांच्या कंपनीच्या असाव्यात. भूपाल म्हणाला, जागा भरपूर आहे. हळदीची पोती तो त्याच संध्याकाळी काढणार होता.

एवढं झाल्यावर शेनबाई माझ्याकडे वळल्या. कंपनीला हिशेबासाठी नावाची किंमत कळायला हवी होती. मी त्यांना सांगितलं, की जावयाची किंमत करायची पद्धत आमच्याकडे नाही, आणि हुंडा कायद्यानं बंद आहे. इतक्या वर्षांत किंमत न सांगता मी पहिल्यांदाच एखादं नाव परत दिलं. आश्चर्य म्हणजे, मला त्याचं समाधान वाटलं.

लग्न सकाळी दहाच्या मुहूर्तावर लागलं. लिंबाला तोरण बांधलं होतं. पेवाचं झाकण पूर्ण उघडून काठावर पाट मांडला होता आणि पाटावर नाव उभं केलं होतं. मागून भूपालनं धरलं होतं. अंतरपाटाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सुगंधाआक्का हिरव्या शालूत, दोन्ही गाल पिवळे. शेनबाई मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून रडत होत्या. अक्षता पडायला लागल्या तशी पेवातून पावलं ऐकू यायला लागली, पायातलं काढून ठेवल्याचे आवाज यायला लागले. तिकडची वऱ्हाडी मंडळी येत होती. सुंदराबाईंनी त्यांच्यासाठी मूठभर अक्षता खाली टाकल्या.

मग बायकांनी आक्काला घेरलं. नाव घे, नाव घे. आक्कानं आधी नको नको म्हटलं. कोणाला वाटलं ती लाजली, पण मी जवळून बघत होतो. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. तिनं पाटाकडे बघितलं आणि अगदी हळू, एक्स्चेंजमध्ये बोलायची तशा स्वच्छ आवाजात नाव घेतलं:

“हळदीच्या पेवाला दगडाचं झाकण,
वूश्वेईरावांचं नाव घेते, करा माझी राखण.”

शेवटचा शब्द पुरता होईपर्यंत तिची मान कलली. सुंदराबाईंनी मांडी पुढे केली, तिच्यावर ती डाव्या कुशीवर निजली, गालाखाली हात घेऊन. खाली पेवात एकेक करून श्वास संथ होत गेले. तोंडाशी ठेवलेल्या कंदिलाची ज्योत खाली गेली आणि पडून राहिली.

वाजंत्रीवाल्यानं नेमका तेव्हाच ताशाला हात घातला. भूपालनं एका हातानं मेहुण्याला धरलेलं होतं. दुसऱ्या हाताचं बोट त्यानं ओठांवर ठेवलं.

“हळू,” तो म्हणाला. “आक्का निजलीया.”

ताशेवाल्यानं ताशा खाली ठेवला. शेनबाईंनी पायातलं काढून हातात घेतलं, मग मी काढलं, मग सगळ्यांनीच काढलं. जेवणं मागच्या अंगणात नेली, भांड्याला भांडं लागू न देता. चीनमध्ये दुपार झाली होती.